मातीत हात घालता येईल असं अंगण

मी 22 वर्षं बालवाडीत शिकवते आहे. त्यातली पहिली 12 वर्षं आमचं अंगण म्हणजे 18 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद अशी नुसती फरशी होती. मधोमध घसरगुंडी, तिच्या पायथ्याशी रबराची चटई, कडेला चार कुंड्या. झाडायला सोपं, धुवायला सोपं. मुलं सकाळी आली तशीच स्वच्छ घरी जायची आणि पालकांना ते बरं वाटायचं. पण त्या अंगणात मुलं करायची काय? धावायची, एकमेकांवर आदळायची, घसरगुंडीपुढे रांग लावायची आणि रांगेत भांडायची. ऊन चढलं की घसरगुंडीचा पत्रा तापायचा, मग आम्ही सगळ्यांना आत घ्यायचो.

गेली 10 वर्षं त्याच जागेत माती आहे, एक टेकाड आहे, ओंडके आहेत, झुडपं आहेत. हे करताना काय जमलं आणि कुठे चुकलं ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या हाताशी शाळेचं अंगण आहे, इमारतीमागची मोकळी जागा आहे किंवा फक्त गॅलरी आहे, त्या सगळ्यांसाठी.

नुसतं हिरवं दिसून भागत नाही

हिरवं अंगण म्हटलं की डोळ्यांसमोर लॉन येतं. माझ्याही आलं होतं. पहिल्या वर्षी आम्ही अर्धी फरशी उखडली आणि गवताच्या तयार लाद्या अंथरल्या. रुजेपर्यंत भोवती दोरी बांधली. गवत रुजलं, पण दोरी काही सुटेना, कारण मुलं त्यावर खेळली की गवत बसायचं. दीड महिना मी दिवसातून वीसदा "त्यावर जाऊ नका" एवढंच म्हणत होते. मुलांसाठी केलेली जागा मी मुलांपासूनच राखत होते. ती दोरी सोडली त्या दिवशी आमचं खरं काम सुरू झालं.

मुलांना मातीत हात घालता यायलाच हवा हे इतक्या ठामपणे का म्हणते, त्याला कारण आहे. 2020 साली फिनलंडमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन शहरांतली 10 पाळणाघरं, 3 ते 5 वर्षांची 75 मुलं. काही पाळणाघरांच्या उघड्याबोडक्या अंगणांत त्यांनी जंगलातल्या जमिनीचे थर माती आणि छोट्या झुडपांसकट आणून अंथरले, गवत लावलं, मुलांना रोपं लावायला वाफे दिले. 28 दिवसांनी तपासलं, तर त्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली होती. रक्तातही बदल दिसला: शरीराच्या संरक्षक यंत्रणेला आवर घालणाऱ्या, तिला विनाकारण पेटू न देणाऱ्या घटकांचं पारडं जड झालं होतं.

दोन वर्षांनी आलेला दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 26 मुलं, 14 दिवस, वाळूच्या हौदात दिवसातून दोनदा 20-20 मिनिटं खेळ. अर्ध्या मुलांच्या वाळूत जिवाणूंनी समृद्ध अशी माती मिसळली होती. उरलेल्यांच्या वाळूला फक्त तसाच रंग आणला होता. दिसायला दोन्ही हौद सारखे, आणि कुणाच्या वाट्याला कुठला आला हे खेळवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. शरीरातला दाह आटोक्यात ठेवणारं इंटरल्युकिन-10 हे रक्तातलं प्रथिन वाढलं ते जिवंत मातीत खेळलेल्या मुलांमध्ये.

हे गट लहान होते, दिवसही थोडे. आणि मोजले होते ते रक्तातले बदल. दमा किंवा इसब बरा झाला असं त्यात कुठे नाही. म्हणून मी पालकांना कधीही "मातीत खेळलं की ॲलर्जी जाते" असं सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. पण अंगण आखताना एवढं नक्की धरून चालते की मुलाचा हात रोज मातीत जायला हवा. खिडकीतून दिसणारी झाडं, भिंतीवर रंगवलेलं जंगल, प्लास्टिकचं हिरवं गवत, यांतून ते होत नाही. प्लास्टिकचं गवत तर भर उन्हात 60 अंशांच्या वर तापू शकतं. तुमच्याकडे असेल तर ऊन असताना उपडा हात त्यावर टेकवून बघा. पाच सेकंद ठेववत नसेल तर तिथे अनवाणी मुलाला सोडायचं नाही.

फरशी उखडण्याआधी

आधी आठवडाभर नुसतं बघा. आम्ही अंगणाचा कागदावर चौकोन काढला आणि दिवसातून चार वेळा सावली कुठे पडते ते पेन्सिलीने आखलं. पाणी ओतून ते कुठल्या बाजूला धावतं तेही पाहिलं. मुलं सर्वांत जास्त कुठे रेंगाळतात यावरही खुणा केल्या. आमच्याकडे ती जागा निघाली नळाशेजारचा ओला कोपरा. घसरगुंडीला तो मान मिळाला नाही. पुढे सगळी आखणी त्या कोपऱ्यापासून झाली.

मग जमिनीचा इतिहास विचारा. इथे पूर्वी काय होतं? गॅरेज, कारखाना, पाडलेली जुनी इमारत? जुन्या रंगात शिसं असायचं. तो रंग पोपडे होऊन भिंतीलगतच्या मातीत पडतो आणि तिथेच राहतो. लहान मुलाच्या मेंदूसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. शंका असेल तर माती प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि ते जमत नसेल तर त्या जागेला हात न लावता वर उंच वाफे बांधून बाहेरची चांगली माती भरा. भराव म्हणून रस्त्याकडेची किंवा बांधकामाच्या राडारोड्यातली माती कुणी फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका. आम्हाला अशा एका खेपेत काचा आणि खिळे निघाले. तीन दिवस चाळण लावली आणि शेवटी सगळी परत पाठवली.

माती हेच पहिलं खेळणं

सगळी फरशी काढायची गरज नाही. आम्ही दोन तृतीयांश काढली. उरलेली तीनचाकी चालवायला आणि खडूने चित्रं काढायला ठेवली. फरशीखालची जमीन दगडासारखी दबलेली असते. ती कुदळीने फूटभर तरी मोकळी करा, नाहीतर वर कितीही चांगली माती घातली तरी पाणी साचेल. त्यात पूर्ण कुजलेलं खत आणि पालापाचोळा मिसळा. कच्चं शेण किंवा अर्धवट कुजलेलं खत मुलांच्या जागेत नको, त्यात रोगजंतू असू शकतात. चांगलं कुजलेलं खत हातात घेतलं की भुसभुशीत लागतं आणि पहिल्या पावसाच्या जमिनीसारखा वास येतो. घाण वास आला तर अजून थांबा. एकदा माती तयार झाली की कीटकनाशक नाही, तणनाशक नाही. ज्या जीवांसाठी एवढं केलं त्यांनाच मारून काय मिळवायचं?

आमच्याकडे पहिलं गांडूळ सापडायला सात महिने लागले. एका साडेतीन वर्षांच्या मुलाने ते तळहातावर घेतलं. ते आखडलं, लांब झालं, त्याच्या अंगठ्याला टेकून थांबलं. मुलगा श्वास रोखून उभा. "ताई, ह्याचं तोंड कुठेय?" एरवी हा मुलगा एका जागी मिनिटभर टिकत नसे. त्या दिवशी पंधरा मिनिटं तो हललाही नाही. मग स्वतःच खड्डा करून त्याने ते परत ठेवलं आणि वर एक पान झाकलं.

चढउतार करा

सपाट जमिनीवर मूल सपाटच चालतं. नॉर्वेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 5 ते 7 वर्षांच्या मुलांचे दोन गट होते. एक गट रोज शेजारच्या जंगलात खेळायचा, दुसरा नेहमीच्या क्रीडांगणावर. जंगलात खेळणाऱ्यांचा तोल आणि शरीराचा समन्वय अधिक सुधारला. त्यांना वेगळा व्यायाम दिला नव्हता. मुळं, दगड, उतार आणि झुडपं यांनीच तो करून घेतला.

हे अंगणात आणायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उखडलेल्या जमिनीचीच माती एका बाजूला रचून टेकाड करणं. आमचं एक मीटर उंच आहे. एका बाजूने उतार सौम्य, दुसऱ्या बाजूने थोडा उभा, म्हणजे दोन वर्षांचं मूल रांगत चढतं आणि पाच वर्षांचं धावत. ते दर काही महिन्यांनी झिजतं, आम्ही पुन्हा माती टाकतो. यात मुलंच घमेली वाहतात.

ओंडके आडवे टाका, वेगवेगळ्या जाडीचे. जमिनीत थोडे पुरा, हलता कामा नयेत. रसायन लावलेलं जुनं लाकूड किंवा रुळांखालचे काळे स्लीपर वापरू नका: जुन्या लाकडाला आर्सेनिकचं मिश्रण लावलेलं असू शकतं आणि स्लीपरला डांबरी तेल. जिथून मूल पडू शकतं, म्हणजे झोपाळा, घसरगुंडी, चढायची जाळी, तिथे खाली लाकडाच्या चिरफळ्यांचा 30 सेंटीमीटर थर द्या. तो वापराने दबतो. दोन मीटर उंचीच्या साधनाखाली तो 23 सेंटीमीटरच्या खाली गेला तर पडणाऱ्याला पुरेसा आधार देत नाही, म्हणून पट्टी घालून मोजत राहा.

आमच्याकडे पडण्या-लागण्याची वही आहे. माती आल्यावर गुडघे खरचटल्याच्या नोंदी वाढल्या आणि डोक्याला टेंगूळ आल्याच्या कमी झाल्या. मला हा सौदा मान्य आहे. मुलाला दिसणारी अडचण, जसं की उंच ओंडका, ती पेलायची की नाही हे मूल स्वतः ठरवतं आणि ठरवायला शिकतं. त्याला न दिसणारा धोका, जसं की गवतातला खिळा, कुजून पोकळ झालेली फांदी, तो शोधून काढणं हे आपलं काम. रोज सकाळी मुलं यायच्या आत आमच्या मदतनीस ताई काठीने पालापाचोळा हलवतात, ओंडक्यांखाली बघतात. दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आम्ही कधीही टाळत नाही.

झाडं

मोठं झाड असेल तर अंगण त्याच्याभोवती बांधा. सावली असली की मुलं बाहेर टिकतात, आणि बाहेर टिकणं डोळ्यांसाठी मोलाचं आहे. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या 12 शाळांत पहिलीच्या मुलांवर अभ्यास झाला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी रोज 40 मिनिटांचा जादा तास बाहेर घेतला. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लांबचं कमी दिसू लागलं होतं, इतर शाळांत 39.5 टक्क्यांना. हे काम उजेडाचं आहे. झाडाच्या सावलीतला उजेडही वर्गातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, म्हणून कडक उन्हात उभं करायची काहीच गरज नाही.

नवीन लावताना चिवट झुडपं घ्या. पानं तोडली, फांदी वाकली तरी पुन्हा फुटतील अशी. वासाची पानं असलेली, खरखरीत, लवयुक्त, गुळगुळीत, अशी स्पर्शाला वेगवेगळी. फुलपाखरं येतील अशी. दोन झुडपांमध्ये मुलाएवढी पोकळी सोडा. कोलाहल सहन न होणारी मुलं तिथे जाऊन बसतात आणि थोड्या वेळाने आपणहून परत येतात. मोठ्यांना वरून दिसत राहील एवढीच उंची ठेवा.

काय लावायचं नाही हे मात्र तोंडपाठ असू द्या. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, एरंड, गुंज: ही सगळी विषारी आहेत, आणि गुंजेच्या लाल-काळ्या बिया तर मुलांना मण्यांसारख्या वाटतात. घाणेरीची हिरवी फळं नकोत. गाजरगवत दिसलं की फुलायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट काढा. त्याने त्वचेवर पुरळ येतं आणि दम्याचा त्रास वाढतो. मीच फुलपाखरांसाठी म्हणून हौसेने घाणेरी लावली होती. एका मुलाच्या मुठीत तिची फळं बघितली आणि त्याच दुपारी सगळी उपटली. त्याने खाल्ली नव्हती, पण ती मूठ मी विसरलेले नाही.

सुट्या वस्तू आणि पाणी

1971 साली सायमन निकल्सन या शिल्पकाराने मांडलं की मुलांची कल्पकता जागेतल्या हलवता येणाऱ्या, बदलता येणाऱ्या वस्तूंच्या संख्येवर अवलंबून असते. मी याची रोज साक्ष बघते. घसरगुंडी घसरगुंडीच राहते. काटकी मात्र चमचा होते, मोजपट्टी होते, पूल होते. शेंगा, सुकी पानं, गोटे, फळ्यांचे तुकडे, जुनी भांडी, दोऱ्या, गोणपाट ठेवा. तीन वर्षांखालची मुलं असतील तर तोंडात जाऊन अडकेल एवढं लहान काही नको. दोरीही मोठ्यांच्या नजरेसमोरच.

पाण्यासाठी कारंजं वगैरे नको. एक पिंप, चार झाऱ्या, एक लाकडी पन्हळ आणि खाली खड्डा, बस. चिखल आपोआप होतो. पाणी रोज खेळ संपला की ओतून टाका, डासांना अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा पुरतो. आणि चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून पाणी आहे तोवर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर. फोन खिशात.

सगळीच मुलं चिखलात उडी घेत नाहीत. आमच्याकडे एक चार वर्षांची मुलगी आठ दिवस फरशीच्या कडेवर उभी राहून नुसती बघायची. बूट मातीला लागू द्यायची नाही. कुणी ओढलं नाही, कुणी चिडवलं नाही. नवव्या दिवशी मदतनीस ताईंनी तिच्याजवळ भरलेली झारी ठेवली आणि निघून गेल्या. तिने कडेवरूनच पाणी ओतलं. मातीतून बुडबुडे आले. ती उकिडवी बसली, एक बोट टेकवलं, वास घेतला, बोट फ्रॉकला पुसलं आणि पुन्हा टेकवलं. तिसऱ्या आठवड्यात तिचे हात कोपरापर्यंत भरलेले होते. घाई केली असती तर ती अजून कडेवरच उभी असती असं मला वाटतं.

हात कधी धुवायचे

माती चांगली म्हणजे हात धुवायचे नाहीत, असा अर्थ कुणी काढू नये. खाण्याआधी आणि शौचाला जाऊन आल्यावर साबण-पाण्याने हात धुवायचे, यात तडजोड नाही. खेळ चालू असताना मात्र दर पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसणं, सॅनिटायझर चोळणं बंद करा. नखं कापलेली असू द्या.

मांजरं-कुत्री हा खरा प्रश्न आहे. त्यांच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत येतात, पण ती संसर्गजन्य व्हायला काही आठवडे लागतात. म्हणजे रोज उचललं तर मोठा धोका टळतो. वाळूचा हौद खेळ संपला की झाकायचा. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली हवी, जखम असेल तर पट्टी हवी. दमा असलेल्या मुलाला कुजत्या पाल्याचा ढीग उपसायला लावू नका, त्यातली बुरशी त्याला बाधू शकते. ज्याची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे त्याच्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

पालकांशी बोलताना

अंगण बदलण्यापेक्षा हे अवघड गेलं. आम्ही त्यांना सूचनापत्र पाठवलं नाही. एका सुट्टीच्या सकाळी बोलावलं, कुदळी हातात दिल्या आणि मुलांबरोबर खड्डे खणायला लावले. ज्या बाबांची सर्वांत जास्त तक्रार होती ते दुपारी टेकाडावर बसून आपण लहानपणी काय काय करायचो ते सांगत होते. त्यानंतर दोनच गोष्टी मागितल्या: जुने कपडे आणि एक जादा जोड. मुलाच्या पिशवीत चिखलाचे कपडे घालायची वेगळी पिशवी असली की घरची कुरकुर निम्म्याने कमी होते.

रोज किती वेळ, असं सगळे विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात 3 आणि 4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली किमान 60 मिनिटं दमवणारी. आम्ही सकाळी एक तास आणि दुपारी अर्धा तास बाहेर काढतो, रिमझिम असली तरी. आठवड्यातून एकदा दोन तास ठेवण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा. त्वचेला आणि मनाला दोन्हीला सवय लागायला तोच उपयोगी.

आणि अंगणच नसेल तर एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि फूटभर खोल लाकडी खोकं घ्या. तळाला भोकं पाडा. बागेची चांगली माती, कुजलेलं खत आणि झाडाखालचा मूठभर ओला पालापाचोळा त्यात घाला. एका कोपऱ्यात काही पेरा, उरलेला भाग मोकळा सोडा. बाजूला एक चमचा, एक वाटी आणि थोडं पाणी ठेवा. मग मुलाच्या शेजारी जमिनीवर बसा, आणि ते काय करतं आहे हे त्याने सांगेपर्यंत विचारू नका.